सोळा कोपरे

माझ्या सुतारकामाच्या छपराला चार मेढी, म्हणजे लाकडी खांब, आहेत. त्यांतली उजव्या हाताची बाभळीची मेढ गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ओळखते, असं मी म्हणतो आणि माझी बायको छबूबाई तोंडाला पदर लावते. पण ते खरं आहे. तण काढायच्या कुळवाला मागच्या बाजूला हातात धरायचा उभा दांडा असतो, त्याला रुमणं म्हणतात. ते धरणाऱ्याच्या उंचीचंच लागतं. म्हणून माझ्या आज्यानं रीत घालून दिली. नवं औत करून घेणाऱ्यानं अनवाणी पायांनी मेढीला पाठ लावून उभं राहायचं, रुमणं धरल्यासारखी मूठ करायची, आणि मूठ येईल तिथं सुतारानं मेढीवर खाच पाडायची. एकदा खाच पडली की जन्माचं माप झालं. पुढं कितीही कुळव मोडले, पेरणीच्या कितीही पाभरी झाल्या, तरी त्या माणसाला पुन्हा बोलवायचं कारण नाही. मेलेल्यांच्या खाचाही तशाच आहेत. त्या बुजवायला माझा हात होत नाही.

सगळ्यांत वरची खाच कानिफनाथची. गडी ताडमाड, आवाज त्याहून मोठा. एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती साऱ्या गावाला सांगून होईपर्यंत त्याला घास गिळत नसे. त्याची बायको मनकर्णा त्याच्या खांद्यालासुद्धा पुरत नव्हती, आणि बोलायचं सगळं काम त्यानंच घेतल्यामुळे ती फारशी बोलायचीही नाही.

साल त्र्याहत्तर. आमचा पाथर्डीचा भाग तसा पावसाच्या वाटेकडे डोळे लावूनच बसलेला, पण मागच्या वर्षी तर त्यानं पाठच फिरवली होती. सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर होतं. मीसुद्धा लाकूड तासायचा वाकस घरात ठेवून खडी फोडली. कानिफनाथ तिथं मुकादम झाला आणि यंदा पाऊस लागून गावकरी रानात परतले तरी तलावावरचा चौकीदार म्हणून राहिला. त्याच्या जोडीतला एक बैल दुष्काळात गेला. हरण्या नावाचा एक उरला. बुटका, पण पायाचा चलाख.

त्याची जमीन चार एकर, पण सलग नाही. वाटण्या होत होत चार पट्ट्या वाट्याला आलेल्या. एक पाणंदीची, म्हणजे रानातल्या गाडीवाटेची, एक ओढ्याची, एक बाभळीचा तुकडा आणि एक गावाला लागून. लांबीला बऱ्या, रुंदीला मात्र तीस-पस्तीस पावलं. सगळीकडे रब्बीची ज्वारी. म्हणजे पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, तण वाढलं की कुळव फिरवून एक पाळी घालायची आणि भादव्याच्या शेवटी वाफशावर पेरायचं. वाफसा म्हणजे माती ओली असते पण पायाला चिकटत नाही ते दोन-चार दिवस. तेवढ्यात रान भुसभुशीत झालं तर ज्वारी वर येते. वाफसा हुकला तर ढेकळं होतात आणि बी वाळून जातं.

एके सकाळी कानिफनाथ माझ्या छपरात येऊन उभा राहिला.

"गोरक्षा, आता लाकडाचं दिस सरलं," तो म्हणाला. "थॉमस ग्रामसेवक ट्रॅक्टर आनतोय, लोकांना दाखवाया. म्या माझी पानंदीची पट्टी दिली. आवडला तर भाड्यानं सांगायचा. एका सकाळी चारी पट्ट्या खलास. मला न्हाई रजा, आन सहादेवच्या बैलाची वाट बघत बसायचा आला कटाळा."

त्याचंही चुकत नव्हतं. सहादेवकडेही एकच बैल उरला होता. दोघांनी सावड केली होती, म्हणजे दोन घरचे दोन बैल एका जुवाला जोडून आधी एकाचं रान, मग दुसऱ्याचं. पण सहादेवचं रान दुप्पट आणि मान त्याचा आधी. कानिफनाथची पाळी येईपर्यंत वाफसा निघून जायचा.

"आन तो ट्रॅक्टर पट्टीत वळायचा कुटं?" मी विचारलं.

"वळंल की. त्याला काय शिंगं हायती का आडवी यायला?"

तो गेल्यावर रागाच्या भरात चांगल्या लाकडावर नको तिथं वाकस मारला आणि तो तुकडा छबूबाईनं मुकाट्यानं चुलीला नेला. खरं सांगायचं तर मला ट्रॅक्टरचा राग नव्हता. माझी गरज संपली असं कुणीतरी हसत हसत सांगून जातं, त्याचा होता.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी पाणंदीला जत्रा भरली. थॉमस ग्रामसेवक भिंगारचा, खाकी पँटीतला, बोलायला गोड आणि कामाला खरा. त्यानं ट्रॅक्टरला गोल लोखंडी तव्यांचा कुळव जोडून आणला होता. ट्रॅक्टर पट्टीच्या मधून गेला आणि मागं माती अशी उलटली की मीसुद्धा दोन पावलं पुढं झालो. लपवण्यात अर्थ नाही, काम झकास होतं. पण टोकाला पोचल्यावर त्याला वळायला जागा पुरेना. ड्रायव्हरनं पुढं-मागं करत आठ-दहा पावलं आधीच तवे उचलले. बांधाच्या कडेनं जाताना चाक बांधावर चढेल म्हणून हातभर अंतर सोडलं. दोन्ही टोकांना आणि चारी कोपऱ्यांत हरळीचं तण जसंच्या तसं उभं राहिलं.

थॉमसनं ते स्वतःच सांगितलं. "सलग रानाला हे उत्तम. पण पट्टी अरुंद असली तर टोकं आणि कडा तुम्हाला वेगळ्या कराव्या लागतील. तुमच्या रानाचं माप बघून औजार निवडा, औजार बघून नव्हे."

कानिफनाथनं त्यातलं 'उत्तम' तेवढं ऐकलं. संध्याकाळपर्यंत त्यानं ते पारावर चार वेळा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक वाळली बाभळ बघायला पाणंदीनं चाललो होतो. पट्टीच्या कोपऱ्यात मनकर्णा दिसली. पदर खोचलेला, हातात कुदळ. हरळीचा एकेक गड्डा खणून बांधावर फेकत होती. मला पाहून थांबली आणि कुदळीच्या दांड्यावर टेकली.

"वहिनी, काल तर ट्रॅक्टर येऊन गेला," मी म्हणालो.

"आला न् गेला," ती म्हणाली. "कोपरे मला ठिवून गेला."

"बैलाचा कुळव बी कोपरे सोडतोच की."

"सोडतोच. दोन बैल, लांब दांडी. वळताना धा पावलं जात्यात. ते गडी मानूस, कुळव फिरवला की त्यांच्या लेखी रान झालं. ऱ्हायलेलं मी खनते." तिनं पट्टीवरून नजर फिरवली. "चार पट्ट्या, गोरक्षदादा. सोळा कोपरे. लगीन होऊन आले त्याला चौदा वर्सं झाली."

मला लाज वाटली. चौदा वर्षांत मी तिला कोपऱ्यात वाकलेली शंभरदा पाहिली असेल. तिलाच काय, गावातल्या कितीतरी बायकांना. बांधावरचा दगड दिसावा तशी ती दिसायची. कुळव मी करायचो, कोपरे तो सोडायचा, आणि ते कुणाच्या पाठीवर पडतात हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"मला एक औत करून द्या," ती म्हणाली. "बैल एकच हाय, तर औत बी एकाचंच करा. पिकाच्या वळीत चालवायचं कोळपं न्हाई का एका बैलाचं आसतं? तसंच, पर कुळव. दोन बाजूंनी दोन दांड्या आन मधी हरण्या. पास आखूड ठिवा. म्हंजी तो जाग्यावर वळंल आन पास बांधाला घासून जाईल."

पास म्हणजे कुळवाचं लोखंडी पातं, जमिनीखालून जाऊन तण कापणारं. ती बोलत होती आणि माझ्या डोळ्यांपुढं ते औत उभं राहत होतं. इतकं साधं, की आजवर कुणी केलं कसं नाही याचंच नवल.

"धरनार कोन?" मी विचारलं. "कानिफनाथ तर तलावावर."

"मी धरीन."

आमच्याकडे बाईनं औताचं रुमणं धरायची रीत नव्हती. पेरणीत पाभरीमागं चालावं, वेचावं, खुरपावं, पण रुमणं गड्याच्या हातात. माझा चेहरा तिला दिसला असणार.

"गेल्या साली तलावावर म्या पहार चालवली," ती म्हणाली. "तवा कुनी न्हाई म्हनलं ह्या बाईच्या हातात पहार कशी. हजेरी घ्यायला हेच उभे हुते."

तिनं नवऱ्यापासून काही लपवलं नाही. त्याच रात्री जेवताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो हसत माझ्याकडे आला. "कर बाबा तिचं खेळणं. वाफशाला चालवून बघू. न्हाई जमलं तर ट्रॅक्टर हायेच." थोडं थांबून म्हणाला, "लोक हसतील एवढंच. मुकादमाच्या घरात एका बैलाचा कुळव."

मला तीन दिवस लागले. दांड्यांना हलकी लाकडं निवडली. भीमा लोहाराकडून दीड हाताची पास करून घेतली. हरण्याच्या मानेला लागू नये म्हणून जू घासून घासून गुळगुळीत केलं. चौथ्या दिवशी रुमणं बसवलं आणि सगळं उभं करून बघितलं, तेव्हा मन भरून आलं. इतकं आटोपशीर औत माझ्या हातून कधी झालं नव्हतं. छबूबाईनं चहा आणून ठेवला तो निवून गेला, तरी मी त्याच्याभोवती फिरत होतो.

पुढच्या पंधरवड्यात पाणंदीच्या पट्टीत पुन्हा तण माजलं आणि उत्तरा नक्षत्राचा पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी मातीचा मुटका वळून फेकला तर फुटत होता, म्हणजे वाफसा आला. त्या दिवशी कानिफनाथनं तलावावरून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. पाणंदीच्या पट्टीवर आम्ही पाच जण होतो. ती दोघं, मी, सहादेव आणि सहादेवची बायको रतनबाई. थॉमस ग्रामसेवकही येणार होता, पण त्याची सायकल वाटेत पंक्चर झाली असं मागून कळलं.

मनकर्णानं हरण्या जुंपला. रुमण्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि बैलाला हाक दिली. हरण्या निघाला, कुळव त्याच्यामागं सुरळीत निघाला, आणि पास मातीवरून नुसती घसरत गेली. नखानं ओरखडा काढावा तेवढीच रेघ. ती दाबायला बघत होती, पण पास खाली जाईना. कोपरा आला. हरण्या जाग्यावर वळला, बांधाला घासून वळला, अगदी ती म्हणाली होती तसा. पण तण उभंच.

"हलकं झालं," सहादेव म्हणाला. "वर धोंडा ठिव."

धोंडा ठेवला. आता पास इतकी खोल गेली की हरण्यानं चार पावलांत मान टाकली. धोंडा काढला, पुन्हा ओरखडा. मनकर्णाच्या कपाळावरून घाम गळत होता आणि ती कुणाकडेच बघत नव्हती. माझं नाक कापलं जाईल याची भीती होतीच. पण आज हे जमलं नाही तर ती पुन्हा जन्मभर कुदळ घेऊन कोपऱ्यात वाकणार, आणि कुणी विचारलं तर लोक म्हणणार, तिला दिलं की करून, तिलाच जमलं नाही.

"आन हिकडं," कानिफनाथ म्हणाला. आवाजात थोडा विजय होता. त्यानं रुमणं हातात घेतलं, बैलाला हाक मारली.

पास जमिनीत गेली. बरोबर चार बोटं. माती भुसभुशीत उठली, हरळीची मुळं वर आली. तो टोकापर्यंत गेला, कोपऱ्यात वळला, बांध खरवडून परत आला. मागं एक चिमूटभर तण राहिलं नाही.

"औत फस्क्लास हाय," तो म्हणाला. "बाईच्या हाताला जोर कमी पडतोय, दुसरं काय."

मनकर्णानं पदर पुन्हा खोचला. पुढं आली आणि पुन्हा रुमणं धरलं. कानिफनाथ तिच्या शेजारी उभा होता, कमरेवर हात ठेवून. तो बघत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"थांब," तो म्हणाला. तिच्या मुठीकडे बघितलं. मूठ तिच्या छातीच्या वर आली होती. तिथून माणूस दाबू शकत नाही, नुसता लोंबकळू शकतो. त्यानं आपला हात तिच्या मुठीशेजारी धरला. मग माझ्याकडे वळला.

"गोरक्षा, हे रुमनं माझ्या मापाचं हाय."

मी जीभ चावली. औत तिचं, धरणारी ती, हे मी तीन दिवस घोकत होतो. बैलाच्या मानेची काळजी घेतली. आणि रुमणं कापायची वेळ आली तेव्हा माझे पाय आपसूक मेढीकडे गेले, कानिफनाथच्या घरचं औत म्हणून कानिफनाथच्या खाचेवर माप लावलं आणि कापलं. तिची खाच मेढीवर नव्हती. कुठल्याच बाईची नव्हती. मला ते खटकलंसुद्धा नाही.

"चुकी माझी हाय," मी म्हणालो. "वहिनींचं मापच घेतलं न्हाई."

"मग आता घे. करवत हाय का पिशवीत?"

"हाय. पर कापलं तर तुला पुरायचं न्हाई. कमरंत वाकावं लागंल. मग हे औत तुझं ऱ्हात न्हाई, कानिफा."

मला वाटलं तो विचार करील. सहादेव बघत होता, उद्या पारावर सगळं जाणार होतं. पण कानिफनाथनं पागोटं काढून काखेत मारलं आणि कुळवाचं रुमणं स्वतः उपसून माझ्यापुढं धरलं.

"काप," तो म्हणाला.

मनकर्णा ओल्या मातीत अनवाणी ताठ उभी राहिली आणि मूठ वळली. मेढ नव्हती, म्हणून मी रुमणं तिच्या शेजारी उभं करून कोळशानं खूण केली. कानिफनाथनं ते गुडघ्याखाली दाबून धरलं, मी करवत चालवली आणि वीतभर तुकडा खाली पडला. तुकड्यावरची लाकडी मूठ काढली, रुमण्याला नवं भोक पाडून ती ठोकली आणि रुमणं कुळवात पुन्हा बसवलं. तेवढा वेळ कानिफनाथ एक शब्द बोलला नाही. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यांत लांब गप्प बसायची वेळ असावी.

मग ती निघाली. पास जमिनीत शिरली तो आवाज मी ओळखतो, मऊ कापड फाटल्यासारखा. हरण्या डुलत चालला होता. ती गरज पडेल तिथं दाबत होती, दगड लागला की सैल सोडत होती, आणि कोपऱ्यात वळताना रुमणं किंचित तिरपं करून पास बांधाच्या अगदी मुळाशी नेत होती. ती युक्ती मलाही ठाऊक नव्हती. ती फक्त तिलाच सुचणार होती, कारण त्या बांधाच्या मुळाशी काय असतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मला इतका आनंद झाला की उगाच खोकल्यासारखं करून मी तोंड फिरवलं.

तीन कोपरे स्वच्छ निघाले. चौथ्यात जुन्या विहिरीच्या दगडांचा ढीग होता. तिथं कुठलंच औत जात नाही. मनकर्णा कुळव थांबवून सवयीनं कुदळीकडे वळली. पण कुदळ जागेवर नव्हती. कानिफनाथ ती घेऊन दगडांकडे चालला होता.

आम्ही बांधावर बसून भाकरी सोडली तरी तो खणतच होता. आला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. मुकादमकीत हात मऊ पडलेले, तळव्यावर फोड आला होता. तो तिच्या शेजारी बसला, पाणी प्यायला आणि बराच वेळ फोडाकडे बघत राहिला.

"असले सोळा?" त्यानं विचारलं.

"सोळा," ती भाकरी मोडत म्हणाली. "आन वर्साला पाळ्या चार."

त्यानं मान खाली घातली. "कदी बोलली न्हाईस."

"तुमी इचारलं न्हाई."

त्यात राग नव्हता. तिनं भाकरीचा मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला, वर चटणी घातली, आणि फोडाला लागू नये म्हणून फोड नसलेलाच हात आहे ना ते बघितलं. मला त्या दोघांकडे बघून इतकं बरं वाटलं की माझी भाकरी हातातच राहिली.

तीन दिवसांत तिनं चारी पट्ट्या कुळवून काढल्या. पेरणीला सहादेवचा बैल लागलाच, पाभर एका बैलाला जड जाते. पण रान तयार होतं, म्हणून पुढच्या वाफशाला सहादेवची पेरणी संपली त्याच दुपारी कानिफनाथची सुरू करता आली. यंदा बांधापासून बांधापर्यंत ज्वारी उभी राहणार, कोपऱ्यांसकट. कानिफनाथनं ही गोष्ट पारावर सांगितलीच, पण या वेळी त्याच्या सांगण्यात औत त्याच्या बायकोचं होतं आणि चूक सुताराची होती. दोन्ही खरं असल्यामुळे मी ऐकून घेतलं.

मनकर्णा एकदा छपरात येऊन मेढीला पाठ लावून गेली. मी तिची खाच पाडली, तिच्या नवऱ्याच्या खाचेखाली वीतभर. खाच सरळ आली. छबूबाई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी सकाळी मी दांडी तासत बसलो होतो. सहादेवची रतनबाई आली. डोक्यावरची पाटी तिनं उतरवून खाली ठेवली. काय हवंय म्हणून मी विचारणार, तेवढ्यात तिनं पायांतल्या वहाणा काढल्या आणि मेढीला पाठ लावून मूठ वळून उभी राहिली.